युद्धात समुद्रात हरपलेल्या नौसैनिकाची पदके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, पनवेल या पट्ट्यात नौदलाशी नाते असलेली घरे पुष्कळ आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून नौदलात भरती झालेली मुले मुंबईच्या जहाजांवर आणि गोदीत नोकरीला राहिली आणि पुढे त्यांची कुटुंबे खाडीच्या दोन्ही काठांवर स्थिरावली. अशा काही घरांत १९७१च्या भारत-पाकिस्तान युद्धातून परत न आलेल्या माणसाची पदके कपाटात ठेवलेली असतात. ती कशाबद्दल मिळाली हे सांगणारी पिढी आता थकली आहे किंवा राहिलेली नाही. पुढील उत्तरे प्रामुख्याने ‘आयएनएस खुकरी’ या युद्धनौकेवरील नौसैनिक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मात्र त्यांतील बरीच माहिती इतर युद्धांत समुद्रावर कामी आलेल्या नौसैनिकांनाही लागू पडते.

‘खुकरी’चे नेमके काय झाले होते?

‘खुकरी’ ही ब्रिटनमध्ये बांधलेली आणि १९५८ साली भारतीय नौदलात दाखल झालेली पाणबुडीविरोधी फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, होती. डिसेंबर १९७१मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शत्रूची पाणबुडी वावरत असल्याचे तिच्या बिनतारी संदेशांवरून नौदलाच्या लक्षात आले आणि तिचा माग काढण्यासाठी १४व्या फ्रिगेट स्क्वाड्रनच्या (नौकांच्या पथकाच्या) ‘खुकरी’ व ‘किरपान’ या नौका मुंबईहून पाठवण्यात आल्या. स्क्वाड्रनचे प्रमुख कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला ‘खुकरी’वर होते. ९ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आधी ‘किरपान’वर टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाणारे स्फोटक अस्त्र, सोडला. तो फुटला नाही. दुसरा टॉर्पेडो ‘खुकरी’ला लागला आणि काही मिनिटांतच नौका बुडाली. तिच्यासोबत १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. वाचलेल्यांना दुसऱ्या दिवशीच्या शोधमोहिमेत पाण्यातून बाहेर काढण्यात आले. त्या युद्धात भारताने गमावलेली ही एकमेव युद्धनौका होय.

अशा नौसैनिकाच्या कुटुंबाकडे साधारणपणे कोणती पदके असतात?

पदके दोन जातींची असतात आणि हा फरक आधी समजून घेतला की पुढचा बराच गोंधळ टळतो. पहिली जात शौर्यपदकांची. एखाद्या व्यक्तीने केलेल्या विशिष्ट कृतीबद्दल ती दिली जातात. युद्धकाळातील परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र आणि त्यानंतर नौसेना पदक ही त्यांतली मुख्य पदके. दुसरी जात मोहिमेच्या किंवा सेवेच्या पदकांची. अमुक काळात अमुक क्षेत्रात कर्तव्यावर असलेल्या प्रत्येकाला ती मिळतात आणि त्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज नसते.

१९७१च्या युद्धात पश्चिम आघाडीवर, म्हणजे अरबी समुद्रातही, लढलेल्यांसाठी ‘पश्चिमी स्टार’ हे पदक आहे आणि पूर्व आघाडीसाठी ‘पूर्वी स्टार’ आहे. म्हणून ‘खुकरी’च्या नौसैनिकाकडे पश्चिमी स्टार असतो, तर बंगालच्या उपसागरात असलेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरच्या नौसैनिकाकडे पूर्वी स्टार. याखेरीज १९७१च्या युद्धासाठी ‘संग्राम मेडल’ही देण्यात आले. नौसैनिक १९६५मध्ये सेवेत असेल तर ‘रक्षा मेडल १९६५’ आणि १९६१च्या गोवा मुक्तीच्या कारवाईत सहभागी असेल तर ‘गोवा १९६१’ अशी पट्टी असलेले जनरल सर्विस मेडलही संचात असू शकते. त्यामुळे एकाच नौकेवरच्या दोन माणसांच्या पदकांची संख्या वेगळी असली तरी त्यात चूक झालेली असेल असे नाही. बहुतेक वेळा तो केवळ सेवेच्या वर्षांतला फरक असतो.

माझ्या वडिलांना शौर्यपदक मिळाले नाही. याचा अर्थ त्यांनी विशेष काही केले नाही, असा होतो का?

मुळीच नाही. ही रुखरुख अनेक घरांत पन्नास वर्षे टिकून राहिलेली दिसते, म्हणून या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

शौर्यपदकाची सारी व्यवस्था साक्षीवर उभी आहे. कोणी काय केले हे प्रत्यक्ष पाहणारा अधिकारी किंवा सहकारी जिवंत राहावा लागतो आणि त्याने ते लेखी सांगावे लागते. त्या आधारावर शिफारस तयार होते, ती वरिष्ठांकडून मुख्यालयात आणि तिथून मंत्रालयात जाते, आणि राष्ट्रपतींची मान्यता मिळाल्यावर भारताच्या राजपत्रात नाव प्रसिद्ध होते. जमिनीवरच्या चौकीत एक जवान पडला तर शेजारच्या खंदकातला दुसरा ते सांगायला उरण्याची शक्यता असते. युद्धनौका काही मिनिटांत तळाला जाते तेव्हा बॉयलर रूममध्ये, इंजिन रूममध्ये, दारूगोळ्याच्या कोठारात आणि खालच्या डेकवर असलेल्या माणसांनी अखेरच्या क्षणी काय केले, कोणी कोणाला शिडीवर आधी चढू दिले, कोणी पाणी आत येत असताना झडप बंद केली, हे पाहणारेही त्यांच्याबरोबरच गेलेले असतात. कॅप्टन मुल्ला यांनी स्वतःचे जीवरक्षक जॅकेट एका नौसैनिकाला दिले आणि शक्य तितक्यांना नौका सोडायला लावून ते स्वतः तिच्यासोबत गेले, ही हकिकत आपल्याला ठाऊक आहे, कारण ती सांगणारी माणसे समुद्रातून जिवंत परतली. मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले आणि ते सर्वस्वी योग्यच आहे. परंतु १९४ जणांपैकी बाकीच्या बहुतेकांच्या नावापुढे शौर्यपदक नाही, याचे मोठे कारण साक्षीदार उरले नाहीत हे आहे. त्यांच्या धैर्याविषयी त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

आता पश्चिमी स्टारकडे पाहावे. कॅप्टनला मिळणारा स्टार आणि स्वयंपाकघरातल्या कुकला मिळणारा स्टार यांत काडीचा फरक नसतो. युद्धनौकेवर ‘ॲक्शन स्टेशन’ची, म्हणजे लढाईसाठी आपापल्या नेमल्या जागी जाण्याची, घंटा झाली की कोणीही प्रेक्षक राहत नाही. कुक आणि स्टुअर्ड यांनाही प्रथमोपचार, आग विझवणे किंवा दारूगोळा वर पोहोचवणे असे काम नेमून दिलेले असते. त्या रात्री आपला माणूस त्या समुद्रात, त्या नौकेवर, आपल्या नेमल्या जागी होता, ही गोष्ट तो स्टार राष्ट्राच्या वतीने नोंदवतो. या लेखकाच्या मते समुद्रात हरपलेल्या नौसैनिकाच्या संदर्भात यापेक्षा खात्रीची नोंद क्वचितच मिळते, आणि म्हणून ‘ते नुसतेच सगळ्यांना मिळालेले मेडल आहे’ असे घरात म्हणू नये.

महावीर चक्र, वीर चक्र आणि नौसेना पदक कसे ओळखावे?

महावीर चक्र चांदीचे आणि गोल असते. त्यावर पाच टोकांचा तारा असतो, ताऱ्याची टोके कडेला टेकलेली असतात आणि मधोमध सोन्याचा मुलामा दिलेली राजमुद्रा असते. फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्रही चांदीचे व पाच टोकी ताऱ्याचे असते, पण त्याच्या मध्यभागी चक्र असते आणि फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी असते. नौसेना पदकाची फीत गडद निळ्या रंगाची असून तिच्या मधून एक बारीक पांढरी रेघ जाते. परमवीर चक्र कांस्य धातूचे, जांभळ्या फितीचे असते. नौदलातील कोणालाही ते आजवर मिळालेले नाही.

परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रे २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानली गेली. त्यांची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या विदुषींनी भारतात येऊन विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि इथल्या पुराणांचा त्यांनी मनापासून अभ्यास केला. परमवीर चक्रावरील इंद्राची चार वज्रे त्याच अभ्यासातून आली.

१९७१च्या युद्धासाठी नौदलातील आठ जणांना महावीर चक्र मिळाले. त्यांत कमांडर मोहन नारायण राव सामंत हे मराठी अधिकारी होते. त्यांच्या पथकातील गनबोटींपैकी एकीचे नाव ‘पनवेल’ होते, हे नवी मुंबईतल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. त्याच आठांमध्ये लीडिंग सीमन चिमण सिंग हे नौसैनिकही होते. मोठी पदके केवळ अधिकाऱ्यांनाच मिळतात हा समज त्यांच्या नावाने खोटा ठरतो.

फितीवर कमळाच्या पानाचे छोटे चिन्ह आहे. ते काय आहे?

ते ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’चे चिन्ह आहे. सेनापतीच्या अधिकृत अहवालात नौसैनिकाच्या कामगिरीचा नावानिशी उल्लेख झाला, असा त्याचा अर्थ. हे स्वतंत्र पदक नसते, तर मोहिमेच्या पदकाच्या फितीवर लावायचे चिन्ह असते. जुन्या संचातून ते सुटून पडते आणि कचऱ्यात जाते, तेव्हा डबी रिकामी करताना तळाशी नीट पाहावे.

पदक आमच्याच माणसाचे आहे, हे कशावरून ओळखावे?

भारतीय पदकांच्या काठावर किंवा मागच्या बाजूला साधारणपणे सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेले असते. ही अक्षरे समोरून पाहिली तर बहुधा दिसत नाहीत. पदक दोन बोटांच्या चिमटीत कडेने धरावे, खिडकीजवळ तिरप्या उजेडात हळूहळू फिरवावे आणि भिंग लावून एकेक अक्षर कागदावर उतरवून घ्यावे. चांदी काळवंडली असेल तर उलट सोपे जाते, कारण काळसरपणा कोरलेल्या खाचांत उतरून अक्षरे उठून दिसतात. फोनच्या कॅमेऱ्याने फोटो घेऊन तो मोठा करून पाहिला तरी चालते.

सेवा क्रमांक सापडला की निम्मे काम झाले. नाव, गाव, जन्मतारीख या सगळ्यांपेक्षा नौदलाच्या दफ्तरात तोच आधी विचारला जातो.

वडिलांच्या मित्राकडे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक आहे. आमच्याकडे ते का नाही?

ते पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना देण्यात आले. डिसेंबर १९७१मध्ये समुद्रात हरपलेला नौसैनिक त्या दिवशी सेवेच्या पटावर नव्हता. त्यामुळे ते हरवले असेल किंवा कोणी घेतले असेल अशी शंका घेऊ नये. उलट, अशा नौसैनिकाच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या संचात ते पदक दिसले, तर तो संच नंतर कोणीतरी जुळवलेला आहे का, हे तपासून पाहावे.

पदके आम्हाला कधी मिळालीच नाहीत. आता मागता येतात का?

मागता येतात. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही दोन्ही युद्ध संपल्यानंतर स्थापन झाली आणि त्यांचे वाटप त्याहून पुढे झाले. म्हणजे ज्याच्यासाठी ती होती त्या माणसाने ती कधी पाहिलीच नाहीत. दरम्यान अनेक विधवा मुंबई सोडून गावी परतल्या होत्या, पत्ते बदलले होते, चाळी पडल्या होत्या, आणि टपालाने आलेली पत्रे परत गेली होती. एवढ्या वर्षांनी मागणी करण्यात संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही, कारण पदक त्या माणसाचे आहे आणि वारसाने ते मागणे रास्तच आहे.

नौसैनिकांच्या सेवानोंदी मानखुर्द येथील चिता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. नौदलातली माणसे त्याला ‘कॅब्स’ म्हणतात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला उतरून खाडीपुलापलीकडचे पहिलेच स्थानक म्हणजे मानखुर्द, त्यामुळे आपल्या भागातल्या कुटुंबांना हे दफ्तर फार लांबचे नाही. तरी आधी लेखी अर्ज पाठवावा आणि बोलावणे आल्यावर जावे. अधिकाऱ्यांच्या नोंदी मात्र दिल्लीच्या नौदल मुख्यालयात असतात.

अर्जात सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, नौकेचे नाव, युद्धात हरपल्याची तारीख आणि अर्जदाराचे नौसैनिकाशी नाते लिहावे. सोबत कुटुंब निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत, मृत्यूविषयी नौदलाकडून त्या वेळी आलेल्या पत्राची किंवा तारेची प्रत, अर्जदाराचे ओळखपत्र आणि हयात असलेल्या इतर वारसांची संमती जोडावी. निवृत्तिवेतनाचा आदेश घरात बहुधा जपून ठेवलेला असतो आणि सेवा क्रमांकही त्यावरच सापडतो. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, साक्षांकित प्रतीच द्याव्यात.

दफ्तरातले नाव आणि आमचे आडनाव जुळत नाही. काय करावे?

कोकणातल्या कुटुंबांत ही अडचण इतक्या वेळा येते की तिच्यासाठी वेगळा प्रश्न राखून ठेवला आहे. भरतीच्या वेळी अनेकांनी फक्त स्वतःचे आणि वडिलांचे नाव सांगितले, काहींनी गावावरून आडनाव लावले, आणि भरती करणाऱ्या कारकुनाने ऐकू आले तसे इंग्रजीत लिहून घेतले. पुढे मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर घराण्याचे आडनाव लागले आणि कागदोपत्री बाप-लेक परके झाले. अशा वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे आणि त्याला नौदलाच्या दफ्तरातील नाव असलेला एखादा जुना कागद, गावच्या शाळेचा दाखला किंवा जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा यांची जोड द्यावी. स्वतःचे आजचे नाव बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नये. त्याची गरज नसते आणि त्याने गुंता वाढतो.

आम्ही खारघरला राहतो. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे का?

नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे आणि ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात, म्हणून तिथल्या रहिवाशांसाठी ठाण्याचे कार्यालय आहे. खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल रायगड जिल्ह्यात असल्याने त्यांच्यासाठी अलिबागचे कार्यालय आहे. वीरपत्नी, वीरमाता आणि वीरपिता यांची नोंदणी तसेच अर्जावरील शिफारस या कार्यालयातून होते.

पदकासोबत दरमहा काही रक्कम मिळते का?

मोहिमेच्या पदकांसोबत मिळत नाही. शौर्यपदकांसोबत मिळते. १ ऑगस्ट २०१७ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दरांनुसार महावीर चक्रासाठी दरमहा १०,००० रुपये, वीर चक्रासाठी ७,००० रुपये आणि शौर्याबद्दल दिलेल्या नौसेना पदकासाठी २,००० रुपये भत्ता ठरला. पदक मरणोत्तर असेल तर तो पत्नीला मिळतो. नौसैनिक अविवाहित असेल तर आई-वडिलांना मिळतो. राज्य शासन देत असलेली रक्कम याहून वेगळी असते आणि तिची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातच करावी. कुटुंब निवृत्तिवेतनाचा पदकांशी काही संबंध नसतो. पदक हाती नाही म्हणून निवृत्तिवेतन अडत नाही, हे वयस्कर आईला स्पष्टपणे सांगून ठेवावे, कारण या भीतीपोटी अनेक जणी अर्जच करत नाहीत.

पदके हरवली किंवा चोरीला गेली तर दुसरी मिळतात का?

हरवल्याची नोंद स्थानिक पोलीस ठाण्यात करावी, प्रतिज्ञापत्र तयार करावे आणि वर सांगितल्याप्रमाणे दफ्तराकडे अर्ज करावा. बाजारात मिळणारी हुबेहूब नक्कल विकत घेऊन फ्रेम भरून काढण्यापेक्षा ही वाट लांबची असली तरी खरी आहे. पावसाळ्यात घरात पाणी शिरून नुकसान झाले असेल, तर पंचनाम्याची प्रतही सोबत जोडावी.

भावंडांत पदकांची वाटणी कशी करावी?

करू नये. संच एकत्र राहिला तरच तो एका माणसाच्या सेवेची सलग नोंद राहतो. एक स्टार ठाण्याला, एक मेडल चिपळूणला आणि फीत पुण्याला गेली की एका पिढीनंतर कोणालाच काही उलगडत नाही. पदके मुळात निकटच्या वारसाकडे, म्हणजे बहुतेक वेळा पत्नीकडे, दिली जातात. पुढे ती कोणाकडे राहतील हे तिने हयातीत लिहून ठेवलेले उत्तम. बाकीच्या भावंडांनी दोन्ही बाजूंचे आणि काठाचे स्वच्छ फोटो स्वतःजवळ ठेवावेत.

कुटुंबातील व्यक्तीला ही पदके छातीवर लावता येतात का?

दिवंगताची पदके वारसाने उजव्या बाजूला लावण्याचा संकेत आहे. डावी बाजू ज्याने पदक मिळवले त्याची असते. भारतीय लष्कराने आपल्या दिवंगत सैनिकांच्या वारसांना युद्धस्मारकावरील मानवंदनेसारख्या प्रसंगी याप्रमाणे पदके लावण्याची परवानगी दिली आहे. नौदलाच्या कार्यक्रमाला जाताना निमंत्रण देणाऱ्या अधिकाऱ्याला आधी विचारून घ्यावे. लग्न, मिरवणूक किंवा निवडणुकीच्या सभेत ती लावू नयेत.

पदके घासून चकचकीत करावीत का?

कृपया करू नयेत. भांडी घासायची पावडर, चिंच, टूथपेस्ट आणि सोनाराकडचे पॉलिश यांपैकी काहीही वापरले तरी काठावरची अक्षरे झिजतात आणि एकदा गेलेले नाव परत येत नाही. मऊ, कोरड्या सुती कापडाने धूळ टिपली की पुरे. खाडीकाठच्या दमट हवेत चांदी काळवंडणारच. त्यात पदकाचे नुकसान नाही. पदके रबर बँडने बांधू नयेत, कारण रबरातील गंधकाने चांदीवर डाग पडतात. प्लॅस्टिकच्या पिशवीतही ठेवू नयेत. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी टाकून, कोरड्या कपाटात ठेवावीत. फितीचे रंग उन्हाने फार लवकर उडतात, म्हणून फ्रेम करायची असल्यास ती खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नये. फ्रेमवाल्याला पदके चिकटवू देऊ नयेत, ती फितीवरच टांगलेली असावीत. जुनी फीत विरली असली तरी ती टाकू नये. नवी फीत लावून जुनी त्याच डबीत जपून ठेवावी.

आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. त्यांच्या पदकांविषयी काय सांगता येईल?

तेव्हाचे नौदल म्हणजे रॉयल इंडियन नेव्ही. तिच्या नौकांपैकी ‘पठाण’ जून १९४०मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात बुडाली आणि ‘इंडस’ एप्रिल १९४२मध्ये ब्रह्मदेशातील अक्याब येथे जपानी विमानांच्या हल्ल्यात बुडाली. अशा नौसैनिकाच्या संचात १९३९-४५ स्टार, वॉर मेडल, इंडिया सर्विस मेडल आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर असल्यास बर्मा स्टार सापडू शकतो. १९३९-४५ स्टारच्या फितीवर गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन सारखे पट्टे असतात. ते अनुक्रमे नौदल, लष्कर आणि हवाई दलाचे आहेत. या स्टारसाठी ठरलेली सेवेची मुदत पूर्ण होण्याआधीच नौसैनिक कामी आला असेल, तर मुदतीची अट त्याला लावली जात नाही. या काळातल्या स्टारवर अनेकदा नाव नसते, म्हणून सोबतचे कागद हाच मुख्य आधार असतो.

आजोबा नौदलात नसून व्यापारी जहाजावर खलाशी असतील, तरीही त्यांची नोंद सापडण्याची आशा सोडू नये. दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या आणि ज्यांना कबर नाही अशा हिंदी खलाशांची स्मृती मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये जपलेली आहे, आणि त्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधता येतात. इंग्रजी स्पेलिंग निरनिराळ्या तऱ्हेने टाकून शोधावे.

कोणी पदके विकत मागितली तर?

विकायची की नाही हा निर्णय कुटुंबाचा आहे, पण या लेखकाचा सल्ला नकाराचाच राहील. ज्या माणसाचा देह समुद्राने परत दिला नाही त्याच्या नावाची ही एकमेव वस्तू घरात असते, आणि एकदा व्यापाऱ्याच्या हाती गेल्यावर संच फोडून विकला जातो. १०० वर्षांहून जुनी पदके पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत, म्हणून पहिल्या महायुद्धातील पदकांबाबत विशेष सावध राहावे. कोणी तुम्हालाच ‘खुकरी’वरचे पदक म्हणून काही विकू पाहत असेल, तर काठावरचे नाव आणि हुतात्म्यांची यादी ताडून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. शौर्यपदक असेल तर ते राजपत्रात असलेच पाहिजे, आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येते.

त्यांचे नाव कोठे कोरलेले पाहायला मिळेल?

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची नावे विटांवर कोरलेली आहेत. जाण्यापूर्वी स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधून जागा लिहून घ्यावी, नाही तर हजारो नावांत वयस्कर माणसांची फार दमछाक होते.

दीव येथे चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवर ‘खुकरी’चे स्मारक आहे. तिथे काचेच्या आवरणात नौकेची प्रतिकृती ठेवलेली आहे आणि समोर तोच समुद्र आहे. १९८९ साली नौदलात आलेली दुसरी ‘खुकरी’ निवृत्त झाल्यावर २६ जानेवारी २०२२ रोजी दीव प्रशासनाकडे सोपवण्यात आली. मुंबईच्या नौदल गोदीत ‘गौरव स्तंभ’ आहे आणि ४ डिसेंबरच्या नौदल दिनाला तिथे पुष्पचक्र वाहिले जाते, पण गोदीत सर्वसामान्यांना मुक्त प्रवेश नसतो.

युद्धस्मारकावर किंवा यादीत नाव चुकीचे लिहिले गेले असल्यास?

आधी पदकाच्या काठावरचे नाव आणि नौदलाच्या सेवानोंदीतले नाव एकच आहे का ते पाहावे, कारण स्मारकावरील नाव सेवानोंदीवरूनच घेतले जाते. दोन्ही जुळत असतील आणि फक्त स्मारकावर फरक असेल, तर काठाचा फोटो आणि सेवानोंदीची प्रत जोडून थेट दुरुस्ती मागता येते. सेवानोंदीतच चूक असेल तर दुरुस्ती मानखुर्दच्या दफ्तरातून सुरू करावी लागते. अर्जाची पोच घ्यावी, आवक क्रमांक पोचेवर आहे ना हे खिडकीवरच तपासावे आणि तिची एक प्रत पदकांच्या डबीतच ठेवून द्यावी.